घर रिकामं ठेवायचं नाही

“अंगाला फासायचं नि मोरीत सोडायचं, त्याला मेली एवढी नक्षी कशाला!”

सासूबाई माझ्या कानाशीच पुटपुटल्या. आमच्या मागच्या खोलीत दुसरीकडे कुठे पुटपुटायला जागाच नाही. एक टेबल, एक मांडणी, मुरायला ठेवलेल्या साबणांच्या चार फळ्या आणि तीन बायका. एक वळली की उरलेल्या दोघींनी पोट आत घ्यायचं.

“नक्षी बघूनच घेतात हो लोक, आई.”

“मग भिंतीला टांगा म्हणावं.”

धाकटी गॉगलच्या आत हसली. धाकटी म्हणजे माझी जाऊ. कोपरापर्यंत रबरी हातमोजे घालून ती कास्टिक सोड्याचं गरम पाणी निवायची वाट बघत उभी होती. आमच्या साबणात बघण्यासारखं जे काही असतं, ते सगळं तिचं. मी तेलं मोजते, वड्या कापते, कागदात गुंडाळते. सुरुवातीला आम्ही हौसेने बिटाचा रस घातला होता. ओतताना काय तो गुलाबी रंग! दुसऱ्या दिवशी बघतो तर भिजलेला पुठ्ठा. तेव्हापासून ती एकेक जिन्नस आधी वाटीभर घोळात घालून पारखायला लागली. हळद आधी विटेसारखी लाल होऊन आपल्याला घाबरवते, मग दोन दिवसांनी मऊ पिवळी होऊन बसते. रतनजोतीच्या मुळांचं तेल बाटलीत लालभडक, साबणात जांभळं. नीळ तेवढी गुणाची, घालाल तशी राहते. हे सगळं ती कुठेही शिकली नाही. तिच्याकडे वेळ होता, एवढंच.

वेळ का होता, तेही सांगते. भावजी, म्हणजे तिचा नवरा, चार दिवसांच्या कामाला म्हणून एक बॅग घेऊन गेले, त्याला आता दीड वर्ष होईल. फोन बंद. कोणी विचारलं तर ‘फिरतीवर आहे’ असं सांगायचं. असं कोणी ठरवलं नव्हतं. सासूबाई एकदा म्हणाल्या आणि मग आम्ही सगळेच म्हणायला लागलो. भावजींकडे पुढच्या दाराची किल्ली आहे, म्हणून कुलूप बदलायचं नाही. आता ते कुलूप असं झालंय, की किल्ली फिरवताना दाराला खांदा द्यावा लागतो. आणि घर रिकामं ठेवायचं नाही.

“अहो, पण किल्ली आहे ना त्यांच्याकडे?” मी एकदा म्हटलं होतं.

“किल्ली असली म्हणून काय झालं? माणूस घरी येतो तेव्हा घरात माणूस नको?”

तेव्हा घरात माणूस असतं. ते माणूस म्हणजे धाकटी. दवाखाना असो, बाजार असो, कोणाकडे जेवण असो, आम्ही जातो आणि ती थांबते. दीड वर्षात ती कोपऱ्यावरच्या दुकानापलीकडे गेलेली मला आठवत नाही.

मागच्या आठवड्यात मात्र एक बाई आली. तिचा साबणाचा कारखाना आहे, इथून सहा तासांवर. आमच्या एका गिऱ्हाइकाकडे तिने वडी पाहिली म्हणे. गडद निळी वडी, तिच्यात जांभळी लाट आणि लाटेवर पांढरा चंद्र. त्यातला चंद्र आधीच बनवावा लागतो. पांढऱ्या साबणाची लांब गुंडाळी करायची आणि ओतताना ती घोळात आडवी निजवायची. मग कापावं तिथे चंद्र निघतो. बाईने वडी उलटीपालटी केली आणि विचारलं, “हे कोणाचं काम?” मग धाकटीला म्हणाली, “माझ्याकडे रंगाचं सगळं तू बघ. राहायला खोली आहे. पुढच्या आठवड्यात आजच्याच वारी पाचला फोन करीन. हो की नाही, एवढंच सांग.”

तो वार आज होता. चार वाजून गेले होते, आणि आम्ही तिघी नक्षीबद्दल बोलत होतो.

आता माझंही सांगून टाकते. आठ महिन्यांपूर्वी माझ्या नवऱ्याच्या फोनवर भावजींचा निरोप आला होता, नव्याच नंबरवरून. ‘मी इथे संसार मांडलाय. वाट बघू नका. आईला तू सांग.’ नवऱ्याने तो मला दाखवला, फोन खिशात घातला आणि म्हणाला, “बघू.” आजवर बघतोच आहोत. त्याला आईला दुखवायचं नव्हतं. मला कोणाला दुखवायचं नव्हतं असं म्हणायला मलाही आवडेल. पण हे बोललं गेलं तर धाकटी जाणार, आणि मग घरात माणूस म्हणून कोण बसणार, हा हिशोब मी तिथल्या तिथे केला होता. रोज तिच्या हातचा चहा प्यायचा आणि रोज गप्प बसायचं. आठ महिने मी हेच केलं.

“ताई, पाणी निवलं. धरा पातेलं.”

मी पातेलं पोटाशी घट्ट धरलं. तिने कास्टिकचं पाणी तेलात सोडलं आणि ब्लेंडर फिरवला. सायीसारखा घोळ झाला. पळीतून सांडलेली धार वर रेघेसारखी दिसायला लागली, की तो ओतायला तयार. तिने थोडा घोळ नीळ घातलेल्या भांड्यात काढला, थोडा रतनजोतीच्या. चंद्राची गुंडाळी हाताशी ठेवली. राहिलेल्या घोळात संत्र्याच्या तेलाची मोजून ठेवलेली वाटी ओतली.

दोनदा ढवळलं असेल नसेल, तोच ब्लेंडर घुर्रर्र करून थांबला.

“अगं बाई! हे काय?”

घोळ थिजला होता. थंड भातात पळी उभी राहावी तसा ब्लेंडर पातेल्यात उभा होता. आणि मग खोलीभर वास आला. तो संत्र्याचा नव्हता.

“लवंग?” धाकटीने वर बघितलं.

सासूबाई मांडणीशी उभ्या होत्या, मूठ पदराखाली.

“आई, वाटीत काय घातलंत?”

“चार थेंब.”

“बाटली बघू.”

बाटली निम्मी झाली होती.

“अहो आई, लवंगेच्या तेलाने घोळ दगड होतो, किती वेळा सांगितलंय!” मी ओरडले. “आता कसली लाट नि कसला चंद्र!”

“त्याला आवडतो तो वास. लहानपणापासून.” सासूबाई माझ्याशी नाही, फळीवरच्या साबणांशी बोलत होत्या. “म्हटलं, घरात त्याच्या वासाची एक तरी वडी असावी. आला, आंघोळीला गेला, तर हाताशी काय देणार त्याच्या? संत्रं?”

धाकटीने ब्लेंडर उपटला आणि मुठीमुठीने गोळा साच्यात चेपायला लागली. तेवढंच करता येण्यासारखं होतं.

“आई,” चेपता चेपता ती म्हणाली, “हा साबण मुरायला सहा आठवडे लागतात.”

“लागू देत की.”

“सहा आठवड्यांनी वापरणार कोण?”

तिने तेलाचं वजन विचारावं तितक्या साध्या आवाजात विचारलं. मी पातेल्यात बघितलं. सासूबाईंनी बाटलीचं झाकण लावलं, मग ते आधीच लागलेलं आहे हे त्यांच्या लक्षात आलं.

टेबलावरचा फोन वाजला.

धाकटीचे हात कच्च्या साबणात बरबटलेले. माझे दोन्ही हात कलत्या पातेल्याला. सोडलं असतं तर सगळं तिच्या पायावर.

“आई, तुम्ही घ्या,” मी म्हटलं.

“मी? मी काय बोलू?”

“घ्या हो, बंद होईल.”

त्यांनी फोन उचलला. खोली एवढीशी, की पलीकडचा आवाज आम्हाला दोघींनाही स्वच्छ ऐकू येत होता.

“नमस्कार. काय ठरलं, विचारायचं होतं.”

“मी सासू बोलतेय तिची.”

“हां, बोला ना.”

“त्याचं काय आहे, तिचा नवरा फिरतीवर असतो. तो आला की त्याला विचारून...”

हे वाक्य आम्हाला तोंडपाठ होतं. त्याच्या शेवटी ‘कळवतो’ असतं. धाकटीने मान आणखी खाली घातली आणि अंगठ्याने साच्याचे कोपरे दाबायला घेतले, जसं काही त्या कोपऱ्यांवरच सगळं अडलंय.

“बरं, बरं,” बाई अदबीने म्हणाली. “मग कधी येणार आहेत ते?”

दीड वर्षात हे आम्हाला कोणी विचारलं नव्हतं. शेजारी समजूतदार, नातेवाईक त्याहून समजूतदार. या बाईला आमचं काहीच ठाऊक नव्हतं.

सासूबाईंनी फोन या कानावरून त्या कानावर नेला. धाकटीच्या वाकलेल्या मानेकडे बघितलं. पलीकडून दोनदा “हॅलो?” झालं.

“आहे मी,” त्या म्हणाल्या. “त्याने मला फोन केला होता, बाई. सहा महिने झाले. मी घरात कोणाला सांगितलं नाही. त्याचं दुसरं घर आहे तिकडे. माझा मुलगा आता परत यायचा नाही.”