भरवशाचा गेज

हिंदुरावांनी तिसरा गेजही कानाशी नेऊन हलवला, नारळ हलवून बघावा तसा.

"पाणी आहे ना आत?" गल्ल्यामागून अकबरभाईंनी विचारलं.

बिबवेवाडीच्या त्या स्पेअर पार्टच्या दुकानात मैना नवऱ्याच्या मागे उभी होती. पानशेतला फिरवायला म्हणून हौसेनं घेतलेली जुनी वॉटर स्कूटर रविवारी ऐन पाण्यात बंद पडली होती. वर हिंदुराव, त्यांना पोहता येत नव्हतं. लाइफ जॅकेट होतं, पण ते घातलं की पोट दिसतं, म्हणून ते काठावर मैनाच्या मांडीवर होतं. होडीवाल्यानं ओढून आणेपर्यंत ती जॅकेट कवटाळून बसली होती. त्या रात्री तिच्या डोक्यावर हात ठेवून हिंदुराव म्हणाले होते, इंजिनात दम नसला तर स्कूटर भंगारात. तो दम, म्हणजे इंजिनातला हवेचा दाब, आता गेज मोजणार होता.

"यातला खरं बोलणारा कुठला?" हिंदुरावांनी विचारलं.

"रबर दाबून धरायचा तो नको, हात सैल पडला की हवा निसटते. हा आट्यांवर पिळून बसतो." अकबरभाईंनी तो स्वतःच्या स्कूटरला तीनदा लावून दाखवला. तिन्ही वेळा काटा एकाच जागी. "तीनदा बघायचं. आणि रेस पूर्ण द्यायची. अर्धी दिली तर इंजिनात हवाच कमी जाते. मग गेज बिचारा कमीच सांगणार."

मैनानं हे नीट ऐकून घेतलं.

"माझी एवढी चौकशी केली नव्हती," ती म्हणाली.

"तवा गेज नव्हता," हिंदुराव म्हणाले.

वारज्यात परतल्यावर त्यांनी पार्किंगमध्येच प्लग काढून त्या जागी गेज बसवला नि डायलपाशी उकिडवे बसले. हँडलवरचा रेसचा खटका आणि स्टार्टरचं बटण मैनाकडे.

तिनं खटका अर्धाच दाबला. इंजिन घरघरलं. काटा थोडा चढला नि थकल्यासारखा थांबला.

हिंदुराव उठले, विकायला काढलेल्या म्हशीच्या पाठीवरून फिरवावा तसा सीटवरून हात फिरवला.

"ताडपत्री आन," म्हणाले.

मैनाला वाटलं होतं, आपल्याला बरं वाटेल.

"तीनदा बघायचं म्हणाले होते ना अकबरभाई? बसा परत."

या वेळी तिनं खटका पूर्ण दाबला. काटा सरसर चढून वर जाऊन राहिला.

हिंदुरावांनी डायलला टिचकी मारली. "ह्यो भरवशाचा? घटकेत दोन गोष्टी सांगतोय. उद्या जाऊन अकबरभाईच्या गल्ल्यावर आपटतो."

"त्यांना काही बोलू नका," मैना म्हणाली. "गेज खरा आहे."

"मग मघाशी?"

ती अंगठा पदराला पुसत राहिली.

हिंदुराव त्या अंगठ्याकडे बघत राहिले. मग घरात गेले. आता ताडपत्रीच आणतात की काय, असं तिला वाटलं. ते बाहेर आले ते नारिंगी जॅकेट घालून, श्वास रोखून पोटावरचा पट्टा अडकवत.

कोरड्या फरशीवर ते पुन्हा डायलपाशी उकिडवे बसले.

"हं," ते म्हणाले. "तिसऱ्यांदा."