देवीचा डावा खांदा

सकाळी दुकान उघडलं की मास्तर आधी रस्त्याकडच्या खिडकीतल्या मशीनवर बसत आणि रिकाम्या सुईने मशीन चालवत. धागा नाही, कापड नाही, नुसता खडखडाट. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटे, काय माणूस आहे, साठी उलटली तरी पाय थांबत नाही! खरी शिलाई मागच्या खोलीत, पडद्याआड चाले. तिथे दुसरं मशीन होतं आणि त्यावर मास्तरांची धाकटी बहीण बसे. गिऱ्हाईक पायरी चढलं की मास्तर खोकत. लगेच मागचं मशीन गप्प होई आणि पुढचं बोलू लागे.

मास्तरांचा उजवा हात थरथरू लागल्याला अकरा वर्षं झाली होती. नवरा गेला म्हणून बहीण माहेरी आली, तीही त्याच वर्षी. बेचाळिशीची बाई, पण मास्तर तिला अजून चिंगीच म्हणत. तिच्या हाताला अशी सफाई होती की शिवण उलटी धरली तरी सुलटी वाटावी. गाव मात्र मास्तरांच्या हाताचं कौतुक करी. मास्तर मान खाली घालून ऐकून घेत. लोक म्हणत, किती नम्र माणूस!

गावाबाहेरच्या रानात देवीचं देऊळ होतं. वर्षातून एकदा देवीला नवी चोळी चढे आणि ती शिवण्याचा मान मास्तरांच्या घराचा. नियम दोन होते. चोळीला विधवेचा हात लागता कामा नये. आणि रान सुरू होतं तिथे एक काळा दगड होता, त्याच्यापुढे विधवेने पाऊल टाकायचं नाही. हे कुणी ठरवलं, ते विचारायची सोय नव्हती. विधुरांसाठी मात्र नियम नव्हता. मास्तरांची बायको वारून नऊ वर्षं झाली होती आणि ते दरवर्षी थेट गाभाऱ्यात जात.

अकरा वर्षं चोळी चिंगीच शिवत होती. देवी तिने जवळून एकदाच पाहिली होती, नवी नवरी असताना, नमस्कार करून उठेपर्यंत. पण जुन्या कागदावरची मापं तिला पाठ होती. मूर्तीचा डावा खांदा उजव्यापेक्षा दोन बोटं उतरता होता. तिथे ती आतून कापसाची घडी लावी, म्हणजे चोळी ओघळत नसे. "दादा, हिचाही डावा खांदा दुखत असेल बघ, माझ्यासारखा," असं ती हसून म्हणे. मास्तरांना हसू येत नसे.

यंदाही सगळं नेहमीसारखंच झालं. चोळीचं गाठोडं चिंगीने पोटाशी धरून दगडापर्यंत आणलं आणि मास्तरांच्या हातात दिलं. एका हातातून दुसऱ्या हातात गेली आणि चोळी पवित्र झाली! चिंगी तिथे थांबलेल्या चार विधवा बायकांशेजारी, देवळाकडे पाठ करून बसली.

गाभाऱ्यात चोळी चढेना. मूर्ती झिजते म्हणून यंदा तिच्यावर लेप चढवला होता आणि शिंप्याला कळवायचं कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. पुजाऱ्यांनी जरा ओढली, तशी डाव्या खांद्याची शिवण टर्रकन उसवली.

"मास्तर, दोन टाके घाला पटकन."

मास्तर सुईत दोरा ओवायला गेले. एकदा, दोनदा, तीनदा. मागे रांग वाढत होती. "चष्मा राहिला दगडापाशी," असं पुटपुटत ते चोळी घेऊन निघाले. चष्मा त्यांच्या नाकावरच होता.

"चिंगे, खांदा उसवलाय. लेपाने भरलीय ती. जरा सैल करून शिवून दे."

चिंगीने चोळी उलटून पाहिली. "किती भरलीय?"

"असेल बोट-दीड बोट."

"असेल म्हणजे? अंदाजाने शिवायला ही काय उशी आहे? माप घ्यावं लागेल. टेप आहे माझ्याकडे. चल."

"कुठे?"

"तिच्यापाशी."

मास्तरांनी आजूबाजूला पाहिलं. बायका त्यांच्याकडेच पाहत होत्या.

"असं काय करतेस? इतक्या वर्षांत कधी हट्ट केला नाहीस."

"तेच चुकलं माझं. वहिनी गेली तेव्हा तुला इथे अडवलं कुणी? मला तिच्या बाहीचा घेर पाठ आहे आणि तिच्यापुढे उभं राहायची मला बंदी! माप घेऊ देणार असशील तर शिवते. नाहीतर नाही."

तिने चोळी घडी करून परत दिली. मास्तर तसेच माघारी गेले.

"नाही म्हणाली का ती?" पुजाऱ्यांनी हळूच विचारलं.

मास्तर दचकले. "कोण?"

"चष्मा नाकावर आहे तुमच्या. आणि तुमचा हात मला काय आजच दिसतोय?"

"मग येऊ द्या ना तिला आत. पाच मिनिटांचं काम आहे."

"भलतंच! ठाऊक असणं वेगळं, डोळ्यांदेखत होणं वेगळं. टाचण्या लावू चार. तुम्ही इकडे या, शाल घ्या."

शाल नको म्हणायला वेळ होता. मास्तरांनी मान वाकवली, शाल अंगावर पडू दिली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

दगडापाशी चिंगीने शालीकडे पाहिलंही नाही. "शेवटी कशी घातली?"

"टाचण्या लावल्या."

इतका वेळ कोरडे असलेले तिचे डोळे भरून आले. "टोचतील रे तिला."

'चल आत' हे शब्द मास्तरांच्या ओठांपर्यंत आले होते. तिथेच राहिले. दोघं घरी आली.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी मधला पडदा कापून काढला. हात थरथरत होता, पडदा वाकडातिकडा फाटला. मग चिंगीचं मशीन ढकलत त्यांनी खिडकीत आणलं. पहिलं गिऱ्हाईक आलं तेव्हा ते खोकले नाहीत. म्हणाले, "शिवते ती. अकरा वर्षं तीच शिवतेय. मी नुसता मान मिरवला."

गिऱ्हाईक म्हणालं, "ठाऊक आहे हो मास्तर. बाही जरा आखूड ठेवायला सांगा."

बाही आखूड ठेव, असं मास्तरांनी चिंगीला सांगितलं. ज्या लाजेपायी त्यांनी बहिणीला अकरा वर्षं पडद्याआड बसवलं, ती लाज झाकलेली नव्हतीच कधी.

पुढच्या वर्षी देवळातून निरोप आला, तेव्हा मास्तरांनी कळवलं, "माप घेतल्याशिवाय आमच्याकडे कापड कापत नाहीत. माप माझी बहीण घेईल." मान दुसऱ्या दुकानाकडे गेला. त्या शिंप्याला उतरत्या खांद्याचं कुणी सांगितलंच नाही.

अजूनही देवळातून येणाऱ्या प्रत्येकाला चिंगी विचारते, "डावा खांदा नीट बसलाय का हो?" लोक म्हणतात, "छान दिसते देवी." खांद्याकडे कुणी पाहिलेलं नसतं. शेजारी बसलेले मास्तर तेवढे मान खाली घालतात. दगडापासून देवळापर्यंत दोनशे पावलंसुद्धा नव्हती आणि बहिणीला घेऊन त्यातलं एकही आपल्याकडून टाकलं गेलं नाही, हे ते विसरलेले नाहीत.

वाचकहो, तुम्ही कधी त्या देवळात गेलात तर डावा खांदा जरूर पाहा. टाचण्या दिसतील. आणि परतताना दगडापाशी पाठ करून बसलेल्या बायका दिसतील. त्यांनी विचारलं, देवी कशी आहे, तर काय सांगाल?