रांग लावू नये

प्रश्न ७. छावणीच्या गेटबाहेर साठ माणसं आहेत. आत जागा नाही. गेट न उघडण्याचा हुकूम आहे. आपण काय कराल? (दहा गुण)

नमुना उत्तर : रांग लावू. शांतता राखू.

सयाजीचं उत्तर : रांग लावू नये.

खालच्या तीन-चार ओळी कोऱ्या. गुण शून्य. एकूण बेचाळीस. पास व्हायला पन्नास लागत होते, आणि पास झाल्याशिवाय पलूसच्या पूर-छावणीवर त्याची नेमणूक होणार नव्हती.

विस्थापित आणि निर्वासितांमध्ये काम कसं करायचं, ते कराडला पाच दिवस शिकवलं होतं. आज शेवटचा दिवस. शेजारी बसलेला शिराळ्याचा भाऊसो म्हणाला, "आवं फौजी, सतरा वर्सं रांगंत काढलीसा, आन् रांगंवरच घसरलासा व्हय?"

वर्ग हसला. शिकवणाऱ्या अंकिता मॅडमनी पेपर पुढं धरला. "सयाजीराव, असं का लिहिलंत?"

सयाजी उभा राहिला. शांतिसेनेच्या गोष्टी त्यानं गावात शंभरदा सांगितल्या होत्या. निळी टोपी, रुंद नदी, हत्ती. ही सांगितली नव्हती.

"आफ्रिकेत हुतो मी. असंच गेट. बाहेर बाया, म्हातारी माणसं. गलका लय. मी हातानं खुणावलं, बसा. दोन-दोनच्या रांगंत बसवलं. साहेब म्हणलं, शाब्बास."

"मग बरोबरच की," भाऊसो म्हणाला.

"ऐक रं. रांग लावली की माणसाला वाटतं, नंबर येणार. गेट उघडणार न्हाई, ह्ये मला ठावं हुतं. त्यास्नी न्हाई. सकाळी दुसऱ्या छावणीची वाट मोकळी हुती. पर माझ्या खुणंवर ती दिवसभर बसली. चार वाजता त्या वाटंवर गोळीबार सुरू झाला."

"पुढं?" मॅडमनी विचारलं.

"पाचला माझी ड्यूटी सपली. सकाळी आलो, तवा तिथं कुणी न्हवतं."

भाऊसोनं हळूच विचारलं, "मग करायचं काय हो?"

"पयलं सांगायचं, उघडणार न्हाई. दुसरी जागा कुठं हाय, ती दावायची. शिव्या देत्यात. खायाच्या."

मॅडमनी पेपर सयाजीपुढं ठेवला. "नमुना उत्तर वरून येतं. मला ते बदलता येत नाही. पण पेपर अजून माझ्याकडेच आहेत. शेवटचा एक शब्द खोडा, पास व्हाल."

त्यांनी पेन दिलं. सयाजीनं ते घेतलं आणि खाली बसून लिहायला लागला.

उत्तर (पुढे चालू) : कारण मी लावली होती. साठ नव्हती, जास्त होती. मोजली नाहीत. पुढच्या बाईनं

पान संपलं. भाऊसोनं आपल्या वहीतला कागद फाडून त्याच्यापुढं सरकवला.

मॅडमनी बेचाळीस तसेच ठेवले. कागद पेपराला टाचला आणि वरती पाठवायच्या गठ्ठ्यात सगळ्यात वर ठेवला.