भिवराबाईने फिरवलेली दारे

मी एक जुनी थापी आहे. गवंडी विटांवर सिमेंट-वाळूचा माल पसरतो ना, ती. माझे पाते एका कडेने झिजले आहे आणि मूठ बाभळीची आहे. मित्रांनो, सिरसाळ्याच्या लोहाराने मला घडवले आणि राधाकिशन गवंड्याने विकत घेतले. त्याच्या हाताने मी घरे बांधली, देवळाच्या पायऱ्या बांधल्या. त्याची बायको भिवराबाई घमेल्यातून माल आणून द्यायची. मला मात्र तिने कधी हात लावला नव्हता.

मग दुष्काळ पडला. बांधकामे थांबली, राधाकिशन कामासाठी दूर गेला आणि मी खुंटीला लटकून गंजू लागले.

त्याच सुमारास गावात संडास बांधायची योजना आली. बाहेरच्या गवंड्यांनी पहिले संडास घाईने उरकले. दारे थेट चावडीकडे! बायका आत जाईनात. संडासांत तुऱ्हाट्या, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्या, अन् गोवऱ्या भरल्या गेल्या. बायका पूर्वीसारख्याच दिवसभर पाणी कमी पिऊन अंधाराची वाट बघत राहिल्या.

ग्रामसभेत भिवराबाई उभी राहिली. "दारं मागं फिरवा. चावडीवरच्या माणसांपुढून आमी कसं जावं?"

सरपंच आप्पाराव म्हणाले, "बायांना बांधकामातलं काय कळतंय?"

शेळ्या राखणारी म्हातारी कडूबाई मागून ओरडली, "वापरायचं आमाला हाय, तर इचारायचं बी आमालाच!"

सभा हसली. भिवराबाई घरी आली, मला खुंटीवरून काढले आणि विटेच्या तुकड्याने लख्ख घासले.

कडूबाईच्या दारात तिने मागे दार ठेवून संडासाची पहिली भिंत उभारली. सरळपणा बघायला दोरीचा ओळंबा सोडला, तर भिंत वाकडी! चावडीवरून कुणीतरी म्हणाले, "बाईच्या हातची भिंत हाय बे, लांबून जा!" माल ओला होता तोवरच भिवराबाईने भिंत उतरवली, विटा पुसल्या आणि पुन्हा रचल्या. या वेळी ओळंबा भिंतीला चिकटून राहिला. मित्रांनो, एवढा अभिमान मला देवळाच्या पायऱ्या बांधतानाही वाटला नव्हता.

टँकरचे पाणी प्यायलाच पुरत नव्हते. मग तिच्या मदतीला आलेल्या बचत गटाच्या बायकांनी अंघोळीचे पाणी साठवले आणि भिंती पक्क्या व्हाव्यात म्हणून त्यांवर मारले. तांब्याभर पाण्यात भागावे म्हणून संडासाची जास्त उताराची भांडी बसवली. पुढे याच बायकांनी बांधकामाची सहकारी संस्था काढली.

राधाकिशन परतला तेव्हा कडूबाईच्या भिंतीवरून त्याने बराच वेळ हात फिरवला.

"लई सरळ हाय," तो बायकोला म्हणाला. "तुझ्या संस्थेत गवंडी लागतो का?"

त्याने स्वतःसाठी नवी थापी आणली. मला परत मागितले नाही.

एके सकाळी सरपंचांची बायको चंद्रभागाबाई स्वतः आली. "भिवरा, आमचं बी दार फिरव. ह्यांचं काय ते मी बघते." आम्ही गेलो, तेव्हा आप्पाराव संडासातल्या तुऱ्हाट्या गुपचूप बाहेर काढत होते. "या बाई," ते म्हणाले, "दार कुठं घ्यायचं ते तुमीच सांगा."

मित्रांनो, काम झाले की थापी लगेच धुवा. वाळलेला माल पाते खातो. आणि तुमच्या घरातल्या मुलीने थापी मागितली, तर हसू नका. तिच्या हातात द्या.