शिवणीची फळी

मिरकरवाड्यातल्या बायकांसाठी भाट्याच्या किनाऱ्यावर सर्फिंगचा वर्ग काढायचा, हे उमैमाने ठरवून टाकलं होतं. पण फळी एकच घेता येणार होती. बायकांनी शिकायची तीच आणि उमैमाने स्पर्धेत उतरवायची तीच. निवड चुकली तर दोन्हींतलं एक बुडालंच.

"माझी नजर चुकायची नाय," उमैमा म्हणाली. तिची अम्मी, मैमुना, हिने कपाळाला हात लावला.

लांज्याचा शुभंकर लाकडाचे सर्फबोर्ड बनवायचा. उभ्या झाडाला हात लावायचा नाही, वाऱ्याने पाडलेली शिवण तेवढी घ्यायची, असा त्याचा नेम. तीन फळ्या टेम्पोत घालून तो भाट्याला आला. एक आखूड, एक दरवाजाएवढी लांब आणि एक मधली. उमैमाचा हात मधलीवर गेला.

"मधली कसली घेतेस? ना धड इकडची, ना तिकडची," उमेरचाचा म्हणाला. चाचा म्हणजे तिच्या बापाचा धाकटा भाऊ, दोन ट्रॉलरांचा मालक आणि अंगाने चांगला भरलेला.

उमैमाने वाद घातला नाही, चाचालाच पाण्यात ओढला. आखूड फळीवर ती स्वतः भन्नाट सुटली, पण चाचा बसला तो टोपीसकट खाली गेला. लांब फळीवर चाचा दिवाणावर बसल्यासारखा ऐसपैस तरंगला, पण वळताना ती हलेल तर शपथ! मधलीने चाचालाही पेललं आणि उमैमाच्या पायाखाली हवी तशी वळलीही.

"हीच!" उमैमा ओरडली. आणि गंमत बघा, सगळ्यात जास्त खूश झाला तो चाचा.

घोटाळा झाला तो त्या खुशीतूनच. दुसऱ्या दिवशी चाचाने कोणाला न विचारता फळीला काजूच्या टरफलाचं तेल चोपडलं. घरातल्या प्रत्येक होडीला ते लागतं, लाकूड कुजत नाही. अहो, पण ते ओलं तेल कातडीला लागलं की फोड येतात! वर्गात सगळ्यात आधी नाव दिलेली मालन नेमकी त्या संध्याकाळी आली आणि फळीला कवटाळून तिने फोटो काढला. सकाळी दोन्ही हात टरारून फुगलेले. दुपारपर्यंत बंदरावर एकच बोलणं, उमैमाच्या फळीने अंग भाजतं. एकूण एक बाईने नाव काढून घेतलं.

"चाचा, होडीत आपण बसतो! फळीवर पोटावर झोपतो!" उमैमा कडाडली. चाचाचं तोंड एवढंसं झालं.

फळी लांज्याला पोचल्यावर शुभंकरने मात्र शांतपणे रंधा काढला. "लाकूड आहे, फेकायला थोडंच लागतंय? तासलं की झालं." त्याने सगळा वरचा थर उतरवला, जवसाच्या तेलाचा हात दिला आणि वाळल्यावर फळी परत आणून दिली.

पण रविवारी वर्गाला कोणी येईना. बायका सुरूच्या बनात उभ्या राहून लांबून बघत होत्या. उमैमाला रडू येत होतं आणि रागही येत होता. एवढी बरोबर निवडलेली फळी, आणि तिला हात लावायला माणूस नाही!

तेवढ्यात मैमुना वाळूतून तरातरा आली. नवरा जन्मभर जहाजावर, पण ही कधी गुडघ्याच्या वर पाण्यात गेलेली नव्हती. तिने सगळ्यांदेखत फळीवर गाल घासला, मग बाह्या सारून दोन्ही हात घासले.

"बघा गो! काल रात्री पण असेच घासलेले. काय झालं काय मला?" ती बनाकडे बघून ओरडली. "उमैमा, चल, ढकल मला."

उमैमाने तिला फेसाच्या लाटेवर सोडलं. मैमुना आधी किंचाळली, मग गुडघ्यांवर उठली आणि थेट वाळूपर्यंत आली. फळी जराही डुगडुगली नाही. बनातून मालन पळत सुटली, तिच्यामागे बाकीच्या.

उमैमा हसत, डोळे पुसत फळी घ्यायला गेली. मैमुनाने तिचा हात झटकला आणि फळी काखेत मारली.

"रांग लावायला सांग त्यांना," ती पाण्याकडे वळत म्हणाली. "आणि तू घरी जाऊन भात लाव. मला वेळ लागेल."