शंका घ्यायची नाही

त्या चर्चमध्ये तिला सगळे सहीवाली ताई म्हणायचे. आता सही काय, कुणीही करतं. पण हिच्या सहीने माणसाचं नाव थेट स्वर्गात लागतं, असा तिथल्या लोकांचा समज होता. म्हणजे तसं कुणी भिंतीवर लिहून ठेवलं नव्हतं. पण दर रविवारी उपदेश संपत आला की लाइट मंद व्हायचे, गिटारवाला तीच ती चाल हळूहळू वाजवायला लागायचा आणि पाळकसाहेब सगळ्यांना डोळे मिटायला सांगायचे. "ज्याला आज आपलं जीवन प्रभूला द्यायचंय त्याने फक्त हात वर करावा. कुणी बघत नाहीये." हात वर गेलेल्यांना मग मागच्या खोलीत न्यायचे. ती खोली एरवी लहान मुलांच्या वर्गाची, त्यामुळे खुर्च्या अशा की मोठ्या माणसाचे गुडघे हनुवटीला लागावेत. तिथे बसून चार ओळींची प्रार्थना ताईच्या मागून म्हणायची. मग निळ्या कार्डावर नाव, तारीख आणि खाली ताईची सही. झालं तारण. पाच मिनिटं लागायची. बाहेर चहा सुरू झाला असला तर तीन.

कार्यकर्त्यांना एक गोष्ट घोटून शिकवलेली होती. माणूस मनात शंका घेऊन त्या खोलीबाहेर पडता कामा नये. कुणी विचारलंच, "माझं खरंच झालं का हो?" तर कार्डावरची तारीख दाखवायची आणि म्हणायचं, "शंका घ्यायची नाही. झालंय तुमचं." बावीस वर्षांत ताईने हे इतक्यांदा म्हटलं होतं की झोपेतून उठवलं असतं तरी बिनचूक म्हणाली असती. कुणाचं काय बिघडवून आलात, ते आधी निस्तरा, असं कुणाला विचारायचं किंवा सांगायचं त्या शिकवणीत नव्हतं. तेवढा वेळ कुणाला होता?

बाकीचे सहा दिवस ती एका मोठ्या हॉटेलच्या धुलाईघरात रफूचं काम करायची. तळघरात, यंत्रांच्या घरघरीत, ट्यूबलाइटखाली चादरी उलगडून धरायच्या आणि जिथे विरली असेल तिथे टाके घालायचे. कामाला चोख. मुकादम म्हणायचा, ताईने बघितलेली चादर परत बघायची गरज नाही. बिचारीला स्वतःचं असं फार कुणी नव्हतं. नवरा लवकर गेला, मूलबाळ झालं नाही, आणि जीव होता तो सगळा धाकट्या भावावर.

धाकटा रंगारी होता. घरं रंगवायचा. हाताला कसब, तोंडाला गोडवा, आणि संध्याकाळ झाली की बाटली. एकोणीस वर्षांपूर्वी ताईने त्याच्या हातापाया पडून त्याला एकदा चर्चमध्ये आणला. रात्रभर एक घर रंगवून आलेला तो गडी उपदेश सुरू होताच मान टाकून पेंगायला लागला. लाइट मंद झाले, सगळ्यांनी डोळे मिटले. ताईने मात्र उघडे ठेवले. तिने शेजारी पाहिलं, इकडेतिकडे पाहिलं, आणि भावाच्या कोपराखाली हात घालून त्याचा हात अलगद वर उचलला.

"तो हात दिसला मला," पाळकसाहेब वरून म्हणाले. "प्रभूची स्तुती असो."

पुढचं सगळं रीतसर झालं. मागची खोली, बुटकी खुर्ची, चार ओळी, निळं कार्ड. सही तिचीच. घरी जाताना धाकटा म्हणाला, "बरं वाटलं गं ताई." आणि ती रस्ताभर रडली, आनंदाने. हात कुणी उचलला ते तिने पुढे एकोणीस वर्षं कुणाला सांगितलं नाही.

वर्षभर त्याने दारू सोडली, हे खरं. मग पुन्हा धरली. आणि एका दुपारी त्याने बायकोच्या कानाखाली अशी मारली की तिचा डावा कान कायमचा गेला. दवाखान्यात त्याने सांगितलं, जिन्यावरून पडली. ती म्हणाली, मारलं. मंडळींनी कुणाचं ऐकावं? हा तर तारण झालेला माणूस, चर्चमध्ये साक्ष देताना डोळ्यांत पाणी आणणारा, पाकिटात कार्ड बाळगणारा. पाळकसाहेबांनी तिलाच समजावलं की मनात कडवटपणा ठेवू नये. आणि ताई? ताईने भावजयीला काय सांगितलं ते ऐका. "तो आता नवा माणूस आहे. असले आरोप करून त्याला मागे खेचू नकोस." भावजय आठ वर्षांच्या पोरीला घेऊन निघून गेली आणि अठरा वर्षं खोटारडी म्हणून राहिली. त्या पोरीने दारातून सगळं पाहिलं होतं. पण आठ वर्षांच्या पोरीला विचारतो कोण?

आता धाकटा हॉस्पिटलमध्ये होता. फुप्फुसं गेली होती, डॉक्टरांनी दिवस मोजायला सांगितले होते, आणि हा पठ्ठ्या निवांत. नर्सशी थट्टा करायचा, शेजारच्या खाटेवरच्या आजोबांना म्हणायचा, "तुम्ही घाबरता कशाला? माझ्यासारखं आधीच तिकीट काढून ठेवायचं होतं." पाळकसाहेब दोनदा येऊन गेले. "इतकी शांती मी कुणाच्या चेहऱ्यावर पाहिली नाही," असं ते रविवारी सगळ्यांना सांगणार होते. ताईला पूर्वी असं काही ऐकून धन्य वाटलं असतं. हल्ली ती ऐकलं न ऐकलंसं करून पाणी आणायला उठायची.

कारण भाची येऊन गेली होती. सव्वीस वर्षांची, शाळेची बस चालवणारी, मोजकं बोलणारी मुलगी. बापाच्या खाटेशी उभं राहून तिने सरळ विचारलं होतं, "बाबा, त्या दिवशी काय झालं ते तुमच्या तोंडून एकदा सांगाल? आईसाठी."

"ते सगळं धुतलं गेलं गं बाळा," धाकटा हसून म्हणाला होता. "देवाला आठवत नाही, मग आपण कशाला उकरायचं? विचार आत्याला. तिनेच सही केलीय."

बाहेर आल्यावर भाची ताईला म्हणाली, "आत्या, आईला पैसा नको, माफी नको. ती खोटं बोलत नव्हती, एवढं एक वाक्य हवंय. मी गुरुवारी परत येईन, मुलांना सोडून, साडेचारला. आई पण येईल, पण वर नाही यायची. खाली बसेल. बघ तुझं ऐकतात का."

त्या रात्री ताईच्या डोळ्याला डोळा लागला नाही. आपला भाऊ मरणार हे दुःख होतंच. पण तो असाच, हसत, एका बाईला खोटं पाडून मरणार, आणि त्या हसण्याखाली आपली सही आहे, हे तिला सोसवेना. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या मनात आलं की या माणसाचं काहीच झालेलं नाही. आपण फक्त त्याचा हात उचलला.

गुरुवारी ती चारच्या ठोक्याला वॉर्डात पोहोचली. खाटेभोवतीचा पडदा ओढून घेतला, स्टुलावर बसली, आणि धीर गोळा करून म्हणाली, "तुला एक सांगायचंय. चर्चमध्ये त्या दिवशी तू झोपला होतास. तुझा हात मी वर केला."

 धाकटा म्हणाला, "माहितीये मला. मी जागा होतो."

ताई स्टूल पुढे ओढून त्याच्याजवळ वाकली.

"तू कोपराला हात लावलास तेव्हाच जागा झालो. म्हटलं, खाली घ्यावा. मग वाटलं, ताई उचलतेय म्हणजे तिला दिसलं असेल काहीतरी. मला माझ्यात काही दिसत नव्हतं गं. पण तू सही केलीस. तू कधी खोटी सही करणार नाहीस, एवढं मला माहीत होतं." तो थांबला. दम खाल्ला. "दिसलं होतं ना तुला?"

खोटं बोलायला ती आली नव्हती. "नाही," ती म्हणाली. "मला काही दिसलं नव्हतं. मला फक्त तू वाचायला हवा होतास."

त्याचं हसू गेलं. असं गेलं की ताईला वाटलं, हा कुणी वेगळाच माणूस आहे. लहानपणी अंधाराला भिऊन तिच्या पांघरुणात शिरणारा. तो उठून बसायला बघत होता आणि जमत नव्हतं. "म्हणजे इतकी वर्षं... मग माझं काय होणार, ताई? मी आता कुणाच्या तोंडाकडे पाहणार?" त्याने तिचं मनगट धरलं. हात थंडगार. "मी मारलं तिला. ती जिन्यावर नव्हतीच. पोर दारात उभी होती, आणि मी..." त्याला खोकल्याची उबळ आली. डोळे विस्फारले होते, कपाळावर घाम, आणि तो रडत होता, मोठ्या माणसासारखा नाही, पोरासारखा. "पोरीला बोलाव. मला सांगायचंय. ताई, मला फार भीती वाटतेय."

हेच हवं होतं की नाही? इथेच गप्प बसायचं होतं. फक्त त्याचा हात धरून, त्याला घाबरू द्यायचं होतं, दहा मिनिटं. पोर खालून निघालीच होती. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा त्या माणसाच्या तोंडून खरं निघत होतं. ताईला हे कळत नव्हतं असं नाही. पण भावाचा तो चेहरा तिला बघवेना. आणि तिच्या तोंडातून बावीस वर्षांच्या सवयीने, मऊ आवाजात, वाक्य निघून गेलं.

"शंका घ्यायची नाही. झालंय तुझं."

"नक्की?"

आता तरी मागे घ्यायचं. तिने मान डोलावली.

त्याच्या मुठीची पकड सैल झाली. श्वास हळूहळू जागेवर आला, जीव भांड्यात पडल्यासारखा तो उशीवर रेलला, आणि तिने त्याच्या कपाळावरचा घाम पदराने पुसला. तेवढ्यात पडदा सरकला. भाची उभी होती, बसचा खाकी शर्ट तसाच अंगावर.

"बाबा, मी आलेय."

"ये बाळा," धाकटा म्हणाला. आवाज खोल गेला होता, पण गोडवा तोच. "माझी काळजी करू नका तुम्ही. मी तयार आहे."

"बाबा, ते एक वाक्य."

"सगळं त्याच्या चरणी टाकलंय. आईला सांग, मी तिच्यासाठी प्रार्थना करतो."

 भाचीने पायाशी घसरलेली चादर नीट केली आणि निघून गेली.

ताईने त्याचा खांदा हलवला. "ऐक, मी चुकले. मघाशी तू जे बोलत होतास ते बोल. तिला हाक मारते मी. अजून जिन्यात असेल. बोल रे."

त्याने डोळे मिटलेलेच ठेवले. "आता शंका घालू नकोस ताई," तो म्हणाला. "बरं वाटतंय."

पुन्हा हाक मारली तर नर्स आली. औषधाची झोप आहे, झोपू द्या त्यांना, म्हणाली. ताई स्टुलावरून उठली आणि बाहेर पडली. जिन्यात भाची भेटली. कठड्याला टेकून उभी होती.

"काही बोलले का, आत्या? मी यायच्या आधी?"

किती सोपं होतं नाही म्हणणं. "बोलला," ताई म्हणाली. "मारलं म्हणाला. तुला बोलाव म्हणाला, रडत होता. मीच त्याला गप्प केलं."

"का?"

"बघवलं नाही मला."

भाचीने तिच्याकडे असं पाहिलं की ताईला वाटलं, हिने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. "आईला मी नाही सांगणार हे," ती म्हणाली. "तू सांग."

खाली बाह्यरुग्ण विभागाच्या हॉलमध्ये नुसती गर्दी होती. नंबर पुकारले जात होते, पोरं रडत होती. भावजय एका बाकाच्या मधोमध पर्स मांडीवर घेऊन बसली होती. अठरा वर्षांत केस पांढरे झाले होते, पण पाठ ताठ. ताई तिच्या शेजारी बसली. वर बघायची हिंमत नव्हती, म्हणून फरशीकडे बघत बोलत गेली. हात कुणी उचलला ते सांगितलं. सही का केली ते सांगितलं. "त्याने तुला मारलं आणि मी तुलाच खोटं पाडलं. आज कबूल करत होता. तुझ्या पोरीला सांगणार होता. मी त्याचं तोंड बंद केलं. तू खरं बोलत होतीस. मला कुठेतरी तेव्हाही माहीत होतं." सगळं बोलून झालं, ऊर रिकामा होईपर्यंत, आणि मग ती उत्तराची वाट बघत थांबली.

उत्तर आलं नाही. भावजय समोरच्या नंबरच्या पाटीकडे बघत होती. मग तिला शेजारी कुणी बसल्याचं जाणवलं असावं. तिने वळून पाहिलं, ओळखलं, आणि क्षणभराने म्हणाली, "तुम्ही? कधी आलात? काही म्हणालात का? या बाजूने मला ऐकू येत नाही."

ताई उठली. लोकांच्या पायांतून वाट काढत बाकाच्या मागून वळसा घालून दुसऱ्या बाजूला आली. तिथे एक म्हातारा बसला होता. त्याला हात जोडून सरकायला सांगितलं. बसली, आणि पहिल्यापासून सांगायला लागली.