सरजाबाईंनी ऐकलेलं

दाब, सोड. दाब, सोड. डाव्या हाताने सरजाबाईंच्या तोंडावर मास्क घट्ट धरायचा आणि उजव्या हाताने रबरी फुगा दाबत राहायचं, एवढंच काम होतं. पण लातूर येईपर्यंत ते क्षणभरही थांबवता येणार नव्हतं. सोयाबीनच्या गंजीवर ताडपत्री ओढताना बाईंना नाग चावला होता. औशाच्या दवाखान्यात लस टोचली, तरी पापण्या मिटत गेल्या, मान पडली आणि शेवटी श्वासही थांबला. आता सरजाबाईंचा श्वास म्हणजे डॉक्टर मंजुश्रीची मूठ.

पुढे वीरभद्रमामा गाडी हाणत होता. एकशे आठ नंबरच्या रुग्णवाहिकेत ड्रायव्हरला पायलट म्हणतात, आणि मामा ते नाव पुरेपूर मनावर घेऊन चालवायचा. त्याच्याशेजारी बाईंचा मुलगा दयानंद बसलेला. मधली काच बंद. मागे दोघीच.

मूठ घाईने चालू नये म्हणून मंजुश्रीची एक युक्ती होती. आकडे मोजले की जीव घाबरा होतो आणि वेग वाढतो, म्हणून ती पेशंटशी बोलत राहायची. एक वाक्य, एक दाब. आधी नेहमीचंच झालं: आई, तुम्ही बऱ्या होणार, लातूर आलंच बघा. मग वाक्यं संपली. चार वर्षं गाडीवर काढलेल्या माणसाकडे दुसऱ्याला सांगण्यासारखी वाक्यं असतात तरी किती? उदगीरच्या आईशी फोनवर बोलणं 'जेवलीस का'च्या पुढे जात नाही. म्हणून ती स्वतःचंच सांगू लागली. गाडीतच डबा खायचा, तोही निम्माच. वीस मिनिटं कुणाचं तरी सगळं आयुष्य आपल्या हातात, मग स्ट्रेचर आत जातं आणि तो माणूस जगला की गेला, कुणी कळवत नाही.

बुधोड्याजवळ गाडी खड्ड्यातून उसळली आणि चार वर्षांत कुणालाच न सांगितलेलं तिच्या तोंडून निघून गेलं.

"आधी मी अर्धापूरला होते, आई. केळीचे घड भरता भरता एक माणूस पडला. नांदेडपर्यंत मी त्याची छाती दाबली. तो केव्हाच गेला होता. पण गेला म्हणायचं काम आमचं नाही, ते दवाखान्यातले सांगतात. बायको त्याचे पाय धरून बसलेली. सारखी विचारायची, हायेत का ओ मॅडम? मी म्हणायचे, हाव, हायेत. सगळा रस्ता म्हणाले. ती त्याला सांगत राहिली, ऐकून राहिलात ना, घरी जायचंय आपल्याला. दवाखान्यात तिला खरं कळलं, तेव्हा तिनं माझ्याकडं बघितलं. नुसतं बघितलं."

लातूरला घशात नळी घालताना तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी शिकाऊ पोरांना दम भरला, बाईंसमोर जपून बोला म्हणून. नागाच्या विषाने हातपाय, पापण्या, श्वास सगळं थांबतं, कान थांबत नाहीत. पेशंटला अक्षर न् अक्षर ऐकू येतं.

मंजुश्रीला हे माहीत होतं. परीक्षेत लिहून त्याचे मार्कही घेतले होते. मिटलेले डोळे पाहिले आणि विसरली.

पुढचे सहा दिवस तिने रोज वॉर्डात फोन केला. असं तिने आजवर कधी केलं नव्हतं. सरजाबाई जगायला हव्यात, हे तर होतंच. पण जगल्या, तर आपण एका बाईला नांदेडपर्यंत फसवत नेलं, हे जाणणारं एक माणूस या जगात असणार होतं. फोनवर नळी काढली असं कळलं, तेव्हा ती हसलीही आणि मटकन बसलीही.

"मॅडम, तुमचं कळंना," मामा म्हणाला. "बाई जगली म्हणून पेढे आणू, का तुम्हालाच घालू स्ट्रेचरवर?"

सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी पाचला, भेटायच्या वेळी, ती वॉर्डात गेली. सरजाबाई उशीला टेकून बसल्या होत्या. दयानंदने तिला ओळखलं आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं सांगितलं, ह्याच त्या गाडीतल्या मॅडम. सरजाबाईंनी त्याला चहा आणायला पिटाळलं. तो जाईपर्यंत थांबल्या.

"त्या केळीवाल्याच्या बायकूला खोटं सांगितलीस." नळीने आवाज फाटला होता.

"हाव."

"मला बी म्हणलीस, बऱ्या होणार. ते?"

इथे सहज निसटता आलं असतं. बाई समोर बसलेल्या होत्या, धडधाकट.

"ते पण खरं नव्हतं. तुमचे ओठ निळे पडले होते. मला वाटत नव्हतं."

शेजारच्या खाटेवर कुणीतरी मोसंबी सोलत होतं.

"औशाच्या दवाखान्यात समदी माज्या उशाला रडून राहिली होती," सरजाबाई म्हणाल्या. "मेली, मेली म्हून. म्या हाय म्हणाया जीभ हलंना. मंग तुज्या गाडीत आले. तू एकलीच माज्याशी बोलत हुतीस. खोटं का असंना."

त्यांनी पाय आखडते घेतले आणि खाटेवर जागा केली.

"बस."

मंजुश्री बसली. पेशंटशेजारी बसूनही हातांना काही काम नव्हतं. त्यांचं काय करावं हेच तिला कळेना, तेव्हा तिने ते मांडीवर ठेवले. सरजाबाईंनी तिच्या आईचं नाव विचारलं. सकाळी काय खाल्लंस म्हणून विचारलं, आणि उत्तर न पटल्यासारखं तोंड केलं. चहा आला. तिघांनी प्यायला.

सहा वाजता वॉचमन काठी आपटत आला, "चला, टाइम झाला. नातेवाइकांनी बाहेर व्हा."

मंजुश्रीच्या पर्समध्ये डॉक्टरचं ओळखपत्र होतं. ते दाखवलं असतं तर कुणी उठवलं नसतं. तिने सरजाबाईंची चादर सारखी केली, येते म्हणाली, आणि डबे, थर्मास, पिशव्या घेऊन निघालेल्या नातेवाइकांच्या रांगेत, एका आजोबांच्या मागे, जाऊन उभी राहिली.